टॅक्सीचं भाडं फोनवर घ्यायला पप्पा तयार नाहीत, नेमकं काय अडत असेल?

लालबागची_लेक
१४ सप्टेंबर २०२०

माझे पप्पा काळीपिवळी चालवतात, गाडी स्वतःची, परमिट स्वतःचं, तीसेक वर्षं झाली. स्टँड परळला, हॉस्पिटलांच्या पट्ट्यात. मार्चमधे लॉकडाऊन लागलं तेव्हा गाडी चाळीखाली कव्हर घालून उभी राहिली ती जूनमधे बाहेर निघाली आणि तेव्हापासून आमच्याकडे एकच वाद चालू आहे म्हणून इथे विचारतेय.

पप्पांचं वय ५७, शुगर आहे. दिवसभर दवाखान्यातले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक गाडीत बसणार, कारण लोकल अजून फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांनाच आहे, बाकीच्यांनी यायचं कसं. सीटच्या मागे जाड प्लास्टिक लावून घेतलंय, मास्क असतो, सॅनिटायझरची बाटली असते. पण भाडं द्यायच्या वेळी त्या प्लास्टिकच्या कडेने हात आत येतोच. मिनिमम २२ रुपये, माणूस पन्नासची काढतो, पप्पा २८ परत द्यायला सुट्टे शोधतात, मग तो म्हणतो थांबा माझ्याकडे दोन रुपये आहेत, की परत देवाणघेवाण. एका भाड्याला तीन तीन वेळा नोटा नाणी इकडून तिकडे. घरी आले की दारातच सगळे पैसे एका डब्यात टाकतात, त्याला दोन दिवस कोणी हात लावायचा नाही. आधी नोटांवर सॅनिटायझर मारायचे पण त्या एकमेकींना चिकटायला लागल्या म्हणून ते बंद केलं.

मी म्हणते क्यूआर लावा, माझा जुना स्मार्टफोन पडून आहे तो घ्या. तर नाही म्हणजे नाही. २०१६ ला नोटाबंदीत स्टँडवर कोणीतरी त्यांना वॉलेट काढून दिलं होतं, त्यात सहाशे रुपये अडकले, केवायसी झाल्याशिवाय बँकेत जाईनात, शेवटी रिचार्ज मारून मारून संपवले. ते एक मनात आहे. दुसरं म्हणजे मागच्या वर्षी एका सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते, पप्पांच्या दोन मित्रांचे पैसे तिथे होते. तेव्हापासून "पैसा तो जो खिशात" हे वाक्य रोज ऐकते.

पण मला आतून वाटतंय की अजून काहीतरी आहे जे ते मला सांगत नाहीयेत. फोनची भीती म्हणाल तर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच असतात. इथे कोणी टॅक्सी रिक्षा चालवणारे किंवा घरात कोणी असेल तर प्लीज खरं काय ते सांगा.

---

पक्या_गिरगाव
१४ सप्टेंबर २०२०

ताई, माझ्यासारखे प्रवासी आता विचारूनच बसतात, "फोनने चालेल का". नाही म्हटलं की पुढची गाडी बघतात. गेल्या महिन्यात चर्नी रोडहून दादरला जाताना दोन टॅक्सी सोडल्या मी याच कारणासाठी, घरी आई ७५ वर्षांची आहे. लोकांची सवय किती बदलली बघा, एप्रिलमधे सगळं बंद होतं तेव्हा देशभरातले यूपीआयचे व्यवहार महिन्याला १०० कोटींच्या खाली गेले होते, ऑगस्टमधे ते १६० कोटींच्या वर आहेत. वडिलांना एवढंच सांगा की स्टिकर फुकट मिळतो आणि गिऱ्हाईक जात नाही.

---

मीटर_डाऊन
१५ सप्टेंबर २०२०

ताई मी स्वतः चालवतो, दादर टीटी, आधी नाईट मारायचो आता दिवसाची. लिहायची सवय नाही तरी लिहितो कारण तुमचे वडील म्हणजे आमच्यातलेच.

पक्याभाऊ म्हणतात ते प्रवाशाच्या बाजूने बरोबर आहे पण आमच्या बाजूने ऐका. टॅक्सीवाल्याचा दिवस रोखीवर चालतो. सकाळी गॅस भरायचा, दुपारी खायचं, संध्याकाळी परत गॅस, ज्याची गाडी मालकाची आहे त्याने रात्री शिफ्टचे पैसे मालकाच्या हातात मोजून द्यायचे, आणि उरेल ते घरात. ऑगस्टमधे माझा एक दिवस असा गेला की धंदा झाला ७४० चा, त्यातले साडेपाचशे फोनवर आणि खिशात १९० रुपये. गॅस भरायला पंपावर गेलो तर त्यांचं मशीन बंद. पैसे आहेत पण नाहीत. एटीएमला गेलो तर तिथे पाचशेच्याच नोटा, म्हणजे पाचशे काढले की परत सुट्ट्याची बोंब. हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

आता तुम्ही म्हणता काहीतरी सांगत नाहीयेत, तर मला जे वाटतंय ते सांगतो, चुकलं तर माफ करा. गाडीवर कर्ज आहे का? आणि त्याचा हप्ता त्याच खात्यातून कटतो का जे खातं फोनला जोडायचं म्हणताय? मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत होती, ती ३१ ऑगस्टला संपली. सप्टेंबरपासून हप्ता चालू. आमच्या स्टँडवरचे निम्मे लोक या एका गोष्टीला घाबरून क्यूआर लावत नाहीत. दिवसभर चाळीस चाळीस रुपये खात्यात जमा होतात आणि पाच तारीख उजाडली की बँक एका फटक्यात ओढून घेते, तुम्ही घरी तेल आणायला ठेवलेले असोत की पोरीच्या फीचे. खिशात असले तर निदान मी ठरवतो आधी किराणा की आधी हप्ता. बाप माणूस हे पोरीला सांगणार नाही.

मी काय केलं ते सांगतो. दुसऱ्या बँकेत नवीन खातं काढलं, शून्य बॅलन्सवालं, डेबिट कार्डासकट, कारण कार्डाशिवाय यूपीआयचा पिन बनत नाही. फोन फक्त त्या खात्याला जोडला. जुन्या खात्यात मी दर रविवारी हप्त्याच्या हिशोबाने पैसे टाकतो, कमी पडले तर कमी पण मी टाकतो, कोणी ओढत नाही. तेव्हापासून झोप लागते.

आणि एक सांभाळायला सांगा. पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो. जुलैमधे एक जण सायन ते भायखळा बसला, म्हणाला तुमच्या फोनवर आलंय बघा, ओके करा आणि पिन टाका म्हणजे पैसे येतील. ते माझ्याकडून पैसे मागायचं होतं, मला द्यायचं नव्हतं. माझं नशीब बॅटरी संपली. दुसऱ्याने भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला आणि उतरून गेला, पैसे आलेच नाहीत, ११० रुपये गेले. तेव्हापासून बँकेचा मेसेज वाजल्याशिवाय मी दरवाजा उघडा म्हणत नाही, प्रवासी रागावला तरी चालेल.

---

काउंटर_नंबर_चार
१५ सप्टेंबर २०२०

मी बँकेत आहे (कुठल्या ते सोडा). मीटर_डाऊन दादांनी जे लिहिलंय ते मी रोज काउंटरवर बघते. माणसं येतात आणि हळू आवाजात विचारतात, मॅडम या खात्यात पैसे आले तर हप्त्यात जातील का. उत्तर हो असंच आहे. हप्त्याची परवानगी एकदा दिलेली असली की त्या तारखेला जे शिल्लक असेल त्यातून हप्ता जातो, आणि पुरेसे नसतील तर परत जातो, मग आमचा दंड वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा. म्हणून वेगळं खातं हा उपाय योग्यच आहे, त्यात काही गैर नाही. पण ताई, हप्ता चुकवायचा मार्ग म्हणून नको, व्याज तर त्या सहा महिन्यांचंही चढलेलंच आहे.

त्यापेक्षा वडिलांना घेऊन कर्ज जिथलं आहे तिथे जा आणि कर्जाची फेररचना मागा. रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्टला त्याची परवानगी दिली आहे, ३१ डिसेंबरच्या आत प्रक्रिया सुरू व्हायला हवी, आणि अट अशी की १ मार्चला हप्ता ३० दिवसांपेक्षा जास्त थकलेला नसावा. मुदत वाढवून हप्ता लहान करून मिळू शकतो. देतीलच असं नाही पण मागितल्याशिवाय कोणी स्वतःहून बोलावत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

चार्जेसचं म्हणाल तर १ जानेवारीपासून यूपीआयने पैसे घेणाऱ्या दुकानदाराला काही कापलं जात नाही. काही बँका मात्र महिन्याला २० व्यवहार झाले की पैसे पाठवणाऱ्याकडून थोडे थोडे कापत होत्या, त्यावर आयकर खात्याच्या मंडळाने ३० ऑगस्टला परिपत्रक काढून जानेवारीपासून घेतलेले परत करा म्हणून सांगितलंय. म्हणजे वडिलांचे २२ चे २२ च येतील.

बँक बुडेल या भीतीवर मी हसणार नाही, ज्यांचे अडकले त्यांना मी पाहिलंय. एवढंच सांगते की फेब्रुवारीपासून ठेवींचा विमा १ लाखाचा ५ लाख झालाय, आणि वॉलेट वेगळं, यूपीआय वेगळं. वॉलेटमधे पैसे मधल्या कंपनीकडे बसतात, यूपीआयमधे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या बँक खात्यात जातात. २०१६ सारखं केवायसीसाठी मधेच अडकणार नाहीत.

नोटा लागतातच, तर आपल्या बँकेच्या एटीएमला महिन्यात पाचदा आणि मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमला तीनदा फुकट. लॉकडाऊनमधे तीन महिने जी सूट होती ती जूनला संपली. म्हणून गॅस, किराणा, वीजबिल जेवढं जमेल तेवढं फोनमधूनच भरा, आलेला पैसा तसाच पुढे गेला की एटीएमचा फेरा वाचतो.

---

लालबागची_लेक
१६ सप्टेंबर २०२०

मीटर_डाऊन दादा, तुम्ही लिहिलेलं मी पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. "बाप माणूस हे पोरीला सांगणार नाही" इथे आल्यावर ते उठून गॅलरीत गेले. मग बऱ्याच वेळाने येऊन म्हणाले, साडेसात हजार आहे हप्ता आणि ५ तारखेचा परत गेला. आईलाही माहीत नव्हतं. मला इतके महिने वाटत होतं ते हट्ट करतायत. मी त्यांना दोनदा अडाणी म्हटलं होतं या भांडणात, आज माफी मागितली.

काउंटरवाल्या ताई, १ मार्चला काही थकलेलं नव्हतं, फेब्रुवारीपर्यंतचे सगळे भरलेले आहेत, पासबुक बघितलं. शनिवारी अर्ज घेऊन जातोय.

---

सांगलीकर_नैरोबी
१७ सप्टेंबर २०२०

मूळचा मिरजेचा, नऊ वर्षं झाली नैरोबीत. इथली गोष्ट सांगतो कारण मीटर_डाऊन यांनी जी अडचण सांगितली, पैसे आहेत पण नाहीत, तिचं उत्तर इथे फार आधी शोधलं गेलंय.

इथे एम-पेसा आहे, मार्च २००७ पासून. साध्या बटणवाल्या फोनवर चालतं, इंटरनेट नको, बँकेत खातं पण नको. पैसे तुमच्या सिमकार्डाच्या नंबरावर असतात. आणि रोख पाहिजे तर कोपऱ्यावर एजंट, म्हणजे आपल्याकडची रिचार्जची टपरी समजा, तिथे ओळखपत्र दाखवायचं आणि नोटा घ्यायच्या. टॅक्सीवाला रात्री घरी जाताना पाहिजे तेवढेच काढतो, त्याची फी कापते पण एटीएम शोधत फिरावं लागत नाही. आमचा नेहमीचा टॅक्सीवाला पेट्रोल, पोरांची शाळा, गावाकडे आईला, सगळं त्याच फोनमधून करतो. त्याचं बँकेत खातंच नाही.

कोरोना आला तेव्हा इथे मार्चच्या मध्यालाच १,००० शिलिंगपर्यंत एकमेकांना पाठवायची फी माफ केली आणि एका वेळी पाठवायची मर्यादा ७० हजारावरून दीड लाख शिलिंग केली, लोकांनी नोटांना हात लावू नये म्हणून. गावातलं टॅक्सीचं भाडं बहुतेक वेळा त्या हजारात बसतं, त्यामुळे आमच्या ड्रायव्हरला लगेच फरक पडला. धंदा मात्र त्याचाही मेलाच आहे, अजून रात्री ९ नंतर कर्फ्यू आहे आणि त्याची कमाई रात्रीचीच होती. फी माफ झाली म्हणून पोट भरत नाही हे तो मला दर वेळी सांगतो.

फसवणूक इथेही आहे. चुकून पाठवले म्हणून पैसे परत मागायची सोय आहे, काही प्रवासी उतरल्यावर तिचा गैरफायदा घेतात. म्हणून तो पैसे आले की लगेच दुसरीकडे फिरवतो.

---

नाईट_ड्यूटी
१७ सप्टेंबर २०२०

मी परळलाच एका हॉस्पिटलमधे सिस्टर आहे, कदाचित ताईंच्या पप्पांच्या गाडीत बसलेही असेन. एकच विनंती, क्यूआर लावा पण रोख घेणार नाही असं कोणी करू नका. आमच्याकडे कॅन्सरचे पेशंट येतात, बीडचे, हिंगोलीचे, नंदुरबारचे, कोणाच्या लुगड्याच्या गाठीत पैसे असतात. रात्री दोन वाजता डिस्चार्ज मिळालेल्या एका आजींना दोन टॅक्सींनी नाही म्हटलं कारण त्यांच्याकडे फोन नव्हता, ते मी गेटवर उभी राहून बघितलंय आणि अजून डोक्यातून जात नाही. नोटेची भीती मला कळते, आम्ही त्या वॉर्डात रोज जातो. नोट घ्या, डब्यात टाका, हात धुवा. त्याहून जास्त काळजी काचा उघड्या ठेवायची आणि मास्क नाकावर ठेवायची करा, एसी लावून बंद गाडीत मास्क खाली करून बोलणारा प्रवासी नोटेपेक्षा जास्त धोक्याचा.

---

मीटर_डाऊन
१७ सप्टेंबर २०२०

सिस्टर बरोबर बोललात. मी रोख नाही म्हणत नाही. मे महिन्यात आमच्या स्टँडवरचे जौनपूर, आजमगडचे कितीतरी भाऊ स्वतःच्या टॅक्सीतच बायकापोरं घालून आग्रा रोडने गावाला निघून गेले, तेव्हा रस्त्यात त्यांना खिशातल्या नोटाच कामाला आल्या.

नैरोबीकर दादा, कोपऱ्यावर नोटा देणारी टपरी आमच्याकडे झाली तर मी उद्यापासून सगळं फोनवर घेतो.

---

लालबागची_लेक
२२ नोव्हेंबर २०२०

बरेच जण मेसेजमधे विचारत होते म्हणून लिहितेय. कर्जाचा अर्ज तीन फेऱ्यांनंतर घेतला, मुदत वाढली, हप्ता ५,२०० झाला. एकूण व्याज जास्त जाईल हे कळतंय पण आत्ता तेवढंच झेपणार होतं.

नवीन खातं ऑक्टोबरमधे निघालं. क्यूआरचे दोन स्टिकर, एक सीटमागच्या प्लास्टिकवर प्रवाशाच्या बाजूने आणि एक डाव्या मागच्या काचेवर, म्हणजे उतरून बाहेरूनही स्कॅन करता येतं. ॲप असं घेतलंय की पैसे आले की फोन बोलतो, त्यामुळे पप्पांना चष्मा काढून मेसेज वाचावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त सात जणांनी फोनवर दिले. आता अर्धे अर्धे असतं. २२ रुपये आले की २२ च येतात, सुट्ट्यावरून होणारं भांडण गेलं, याचा त्यांना सगळ्यात जास्त आनंद आहे. डबा अजून दारातच आहे पण आता तो लवकर भरत नाही.

---

लालबागची_लेक
९ मार्च २०२१

धागा वर काढतेय. १ तारखेपासून मिनिमम २२ चं २५ झालं, रिक्षाचं १८ चं २१, तुम्हाला माहीतच असेल. मीटर बदलून होईपर्यंत नव्या भाड्याचं कार्ड बघून पैसे घ्यायचे आहेत, आणि मीटरवर एक आकडा, मागायचा दुसरा, यावरून प्रवासी रोज वाद घालतायत. पप्पांनी कार्डाचा फोटो क्यूआरच्या शेजारीच चिकटवलाय.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काल एक बाई आणि त्यांची म्हातारी सासू परळहून दादरला एसटी पकडायला बसल्या. दादरला उतरताना पर्स सापडेना, हॉस्पिटलच्या बाकड्यावर राहिली की कोणी मारली माहीत नाही. बाई रडायला लागल्या. फोन होता पण साधा. पप्पांनी त्यांच्या नवऱ्याचा नंबर घेतला, तो जालन्याला शेतात होता, त्याला व्हॉट्सॲपवर क्यूआरचा फोटो पाठवला. त्याने तिथून आधी भाडं पाठवलं, मग पप्पा म्हणाले तिकिटाचे आणि वाटेतल्या खाण्याचे पण पाठवा, आणि ते १,२०० रुपये पप्पांनी आपल्या खिशातल्या नोटांमधून त्या बाईंच्या हातात मोजून दिले. एसटीत बसवून आले.

रात्री जेवताना मला म्हणाले, तो नैरोबीवाला काय म्हणत होता ग, कोपऱ्यावरच्या टपरीचं, परत वाच बघू. मी वाचलं. मग म्हणाले, स्टँडवरच्या तिघांना खातं काढायचंय, कर्जवाल्या बँकेत नको म्हणून सांगितलंय मी त्यांना, तू रविवारी मोकळी आहेस का?

---

मीटर_डाऊन
९ मार्च २०२१

वडिलांना माझा नमस्कार सांगा. तिघांना म्हणावं डेबिट कार्ड हातात आल्याशिवाय रविवारी येऊ नका, पोस्टाने यायला दहाएक दिवस लागतात, उगाच फेरी पडेल. आणि खात्याला तोच मोबाईल नंबर द्या जो त्या फोनमधे आहे, आमच्या एकाने गावच्या भावाचा नंबर दिला होता, सगळं परत करावं लागलं.